कॅन्सरने पोखरलेले हाड मोडते तेव्हा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील घरच्यांसाठी मार्गदर्शन

घागर उचलताना दंड मोडतो. बसची पायरी उतरताना मांडीत कटकन आवाज येतो. कधी तर अंथरुणात कूस बदलतानाच. माणूस पडला नाही, कुठे आदळला नाही आणि तरी मोठे हाड मोडले, तर ते हाड आतून आधीच कमकुवत झाले होते असे समजायचे. म्हातारपणाच्या ठिसूळ हाडांमुळेही हे घडते. पण ज्याला पूर्वी कॅन्सर झालेला आहे, किंवा गेले काही महिने ज्याचे वजन घटत आहे आणि रात्रीचे दुखणे थांबत नाही, त्याच्या बाबतीत पहिली शंका कॅन्सरची घ्यायची.

अशा वेळी घरच्यांकडून दोन टोकाच्या गोष्टी होतात. काही जण जवळच्या हाडांच्या दवाखान्यात नेतात आणि दुसऱ्या दिवशी हाडात धातूचा रॉड घालून मोकळे होतात. काही जण म्हणतात, "चौथी स्टेज आहे, आता ऑपरेशन कशाला? घरीच ठेवू." पहिल्यात तपासणी राहून जाते. दुसऱ्यात माणूस उरलेले महिने, कधी वर्षे, खाटेवर विव्हळत काढतो. स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा थायरॉईडचा कॅन्सर हाडात उतरल्यावरही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. या शस्त्रक्रियेने कॅन्सर बरा होत नाही. दुखणे थांबावे आणि माणसाला स्वतःच्या पायाने संडासापर्यंत जाता यावे, यासाठी ती करायची असते. घरच्यांनी हा हेतू मनात पक्का धरला की पुढचे निर्णय सोपे होतात.

मोडण्याआधी हाड सांगत असते

हाडात जास्त करून पसरणारे कॅन्सर पाच: स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, किडनी आणि थायरॉईड. मायलोमा हा रक्तपेशींचा कॅन्सर तर मुळातच अस्थिमज्जेत वाढतो. पाठीचा मणका, कटीची हाडे, खुब्याजवळचे मांडीचे हाड, बरगड्या आणि दंडाचा वरचा भाग या हाडात उतरलेल्या कॅन्सरच्या नेहमीच्या जागा. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली तो क्वचित जातो.

या दुखण्याची ओळख अशी. साध्या अंगदुखीला विश्रांतीने आराम पडतो, हे दुखणे मात्र रात्री पडल्यावरही ठसठसत राहते. नंतरच्या टप्प्यात पायावर भार दिला की कळ येते. भार दिल्यावर येणारी कळ ही सर्वांत गंभीर सूचना आहे, कारण हाड शरीराचे वजन पेलायला कमी पडू लागले असा तिचा अर्थ होतो. मांडीच्या वरच्या भागात अशी कळ येत असेल तर त्या दिवसापासून त्या पायावर भार देणे बंद करा, काठी किंवा वॉकर घ्या आणि आठवडाभरात एक्स-रे करून डॉक्टरांना दाखवा. ऊसतोडणी संपू दे, लग्न होऊ दे, असे म्हणत थांबू नका.

एक्स-रे काढताना पूर्ण हाडाचा काढायला सांगा. खुबा दुखतो म्हणून फक्त खुब्याचा काढला आणि त्याच हाडात गुडघ्याजवळ दुसरी पोकळी असली, तर रॉड आखूड पडतो आणि त्याच्या टोकाशी हाड पुन्हा मोडते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणूनही निर्धास्त राहू नका. हाडातले साधारण ३० ते ५० टक्के खनिज झिजल्याशिवाय ती पोकळी एक्स-रेवर दिसत नाही. दुखणे चालूच असेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो.

हाड किती धोक्यात आहे हे ठरवायला डॉक्टर १९८९ साली मांडलेली मिरेल्स गुणपद्धत वापरतात. जागा, दुखणे, पोकळीचा प्रकार आणि हाडाच्या जाडीच्या तुलनेत तिचा आकार, अशा चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. समजा, स्तनाचा कॅन्सर असलेल्या मावशींच्या खुब्याजवळ पोकळी आहे (३), भार दिला की कळ येते (३), हाड विरघळलेले दिसते (३) आणि पोकळी अर्ध्या जाडीएवढी आहे (२). बेरीज ११. एकूण ९ किंवा जास्त गुण असले की मोडण्याआधीच रॉड घालून हाड भक्कम करायचा सल्ला देतात. ७ किंवा कमी असतील तर रेडिएशन आणि औषधे. ८ ला डॉक्टरांचा अनुभव निर्णय करतो. मोडण्याआधी केलेल्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जाते, माणूस लवकर उभा राहतो आणि लवकर घरी येतो. म्हणून कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला दर भेटीत "कुठे हाड दुखते का?" हे विचारले जावे असे मला कळकळीने वाटते. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण सांगा.

हाड मोडले त्या दिवशी

अवयव ओढू नका, सरळ करू नका, चोळू नका. आपल्या भागात हाडवैद्यावर लोकांची श्रद्धा आहे, त्यांनी गुण दिलेली माणसेही गावोगाव भेटतात. पण वाळवी लागलेल्या वाशासारखे झालेले हाड पट्टीने आणि मालिशने जुळत नाही. ओढाताणीने तुकडे सरकतात, रक्तवाहिनी किंवा नस दुखावते.

मांडी मोडली असेल तर दोन्ही पायांच्या मध्ये उशी किंवा घडी केलेले घोंगडे ठेवून दोन्ही पाय एकत्र सैल बांधा, म्हणजे चांगला पाय आधार देतो. दंड मोडला असेल तर हात छातीशी धरून ओढणीची झोळी करा. पाठीत कळ आली असेल तर माणसाला बसवू नका, फळीवर सपाट झोपवून न्या. १०८ ला फोन करा. खानापूरच्या घाटाकडे, भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिथे तर ही बांधणी घरूनच नीट झाली पाहिजे.

दुखण्यासाठी घरात पडलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर देऊ नका. मायलोमात आणि किमो चालू असताना किडनी आधीच नाजूक असते. पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांनी आधीपासून लिहून दिलेले औषध चालेल.

निघताना कॅन्सरची फाईल, शेवटच्या किमोची तारीख, चालू गोळ्यांची पाकिटे (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मुद्दाम सांगा), आधार कार्ड आणि रेशन कार्ड एका पिशवीत घ्या.

पुढच्या दोन अवस्थांत मात्र तासांचा हिशेब असतो.

पहिली म्हणजे मज्जारज्जूवर दाब. पाठीचे दुखणे वाढत जाऊन पायातली ताकद कमी होते, पाय बधिर वाटतात, बसायच्या जागेभोवतीची जाणीव जाते, लघवी अडते किंवा कळत नाही. त्याच दिवशी दाखल करून पूर्ण मणक्याचा एमआरआय व्हायला हवा आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारे स्टेरॉईड) सुरू व्हायला हवे. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुधा पुढेही चालतो. ज्याचे पाय पूर्ण गेले आहेत त्याची चाल परत येणे कठीण असते. २००५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेले ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले, नुसते रेडिएशन मिळालेले ५७ टक्के. ती शस्त्रक्रिया प्रत्येकाला सोसवत नाही, पण मणक्याच्या सर्जनचे मत त्याच दिवशी घ्यायलाच हवे.

दुसरी म्हणजे रक्तात कॅल्शियम वाढणे. सारखी तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, मग असंबद्ध बोलणे. घरचे समजतात की माणूस खचला. साधी रक्ततपासणी आणि सलाईनसकट उपचार यांनी तो काही दिवसांत शुद्धीवर येऊ शकतो. कॅल्शियम खाली आणल्याशिवाय भूल देणे धोक्याचे.

रॉड घालण्याआधी निदान

ही पायरी सर्वांत जास्त चुकते, म्हणून इथे थोडे थांबतो.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना एक-दोन दिवसांत ऑपरेशन करावे असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. कॅन्सरने मोडलेल्या हाडाला, मणका सोडून आणि जखम उघडी नसेल तर, दोन-चार दिवस तपासणीला देता येतात. तेवढे दिवस वजन लावून पाय स्थिर ठेवतात आणि दुखण्यावर चांगली औषधे देतात.

कॅन्सर हाडांत पसरला आहे हे आधीच सिद्ध असेल आणि स्कॅनमध्ये अनेक हाडांत डाग असतील, तर बहुधा वेगळी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) न करता पुढे जातात. ऑपरेशनच्या वेळी आतला नमुना मात्र तपासणीला पाठवतात. तो पाठवलाच पाहिजे.

पूर्वी कॅन्सर होऊन गेला, बरी वर्षे झाली, आणि आता एकाच हाडात एकच डाग दिसतो, अशा वेळी तो जुनाच कॅन्सर आहे असे गृहीत धरू नये. आधी बायोप्सी.

आणि कॅन्सरचे नावच माहीत नसेल तर घाई करणे फार महागात पडते. तो डाग हाडातच जन्मलेल्या कॅन्सरचा, म्हणजे सार्कोमाचा असू शकतो. अशा हाडात रॉड ठोकला की कॅन्सरच्या पेशी हाडाच्या पूर्ण नळीभर पसरतात. जो पाय वाचवता आला असता तो कापावा लागू शकतो. बायोप्सीची सुई कुठून घालायची हेही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावे, कारण ती वाट नंतर गाठीबरोबर काढून टाकायची असते.

निदान माहीत नसताना साधारणपणे या तपासण्या होतात: छाती, पोट आणि कटीचा सीटी, हाडांचा स्कॅन किंवा पेट-सीटी, रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचे काम कळते), कॅल्शियम, मायलोमासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांची तपासणी), पुरुषांत पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), स्त्रियांत स्तनांची तपासणी. मायलोमाचे डाग हाडांच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाहीत, तो स्कॅन स्वच्छ आला म्हणून मायलोमा नाही असे ठरत नाही.

किडनीचा आणि थायरॉईडचा कॅन्सर हाडात गेला की तिथे रक्तवाहिन्यांचे जाळे होते. तिथे चीर दिली की रक्त आवरत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी एक-दोन दिवसांत मांडीतून नळी घालून त्या वाहिन्या बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. ही सोय जिथे नाही तिथे किडनीच्या कॅन्सरचे हाड उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुठे न्यायचे, पैसे कसे उभे करायचे

बेळगावात बिम्सचे, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे, जिल्हा रुग्णालय आहे. केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय आणि त्यांचे कॅन्सर रुग्णालयही शहरातच आहे. हुबळीत कर्नाटक कॅन्सर थेरपी संस्था आहे. निपाणी, संकेश्वरकडच्यांना कोल्हापूर जवळ पडते. कागवाड, अथणीकडच्यांना मिरज, तिथे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. सार्कोमाची शंका असेल, किंवा खुब्याभोवतीचा मोठा भाग काढून बदलायचा असेल, तर बेंगळूरूचे किदवई कॅन्सर रुग्णालय किंवा मुंबईत परळचे टाटा मेमोरियल गाठावे. टाटामध्ये हाडांच्या गाठींसाठी वेगळा विभाग आहे.

नावापेक्षा प्रश्न महत्त्वाचे. हाडांचे सर्जन आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवणार का? रक्तपेढी आणि आयसीयू आहे का? रेडिएशन इथेच मिळेल की दुसरीकडे? सर्जनने कॅन्सरच्या हाडांची कामे नेहमी केली आहेत का?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशन कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. ठरवून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेला सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. म्हणून वेळ असेल तर आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून किंवा बिम्समधून पत्र घ्या. तातडीच्या वेळी पत्रावाचून दाखल करतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय केला. कोल्हापूर-मिरजेला जायचे ठरवण्याआधी आपले कार्ड त्या रुग्णालयात चालते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) फोन करून विचारा. दोन राज्यांच्या मध्ये रुग्ण अडकून पडू नये.

कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला भाडे माफ आहे, सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

कागद मागताना बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाईड (जपून ठेवलेला नमुना आणि त्याच्या काचपट्ट्या), स्कॅनच्या सीडी आणि इंग्रजीतला डिस्चार्ज सारांश मागून घ्या. एका राज्यातला कागद दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरला वाचता यायला हवा. बेळगावात मराठीत समजावून घेता येते. बेंगळूरूला जाताना कन्नड नीट बोलणारे माणूस सोबत न्या, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातला प्रत्येक मुद्दा रुग्णाला मराठीत सांगायला लावा.

कोणते ऑपरेशन कशाला

साध्या मोडीत रॉड किंवा प्लेट ही हाड जुळेपर्यंतची सोय असते. इथे हाड जुळेलच असे नाही. मायलोमात जुळण्याची आशा बरी असते, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जवळपास नसते. म्हणून सर्जन असा आधार बसवतो की पहिल्या दिवसापासून पूर्ण भार पेलला जावा, आणि रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यात पुन्हा तिथे हात घालावा लागू नये.

खुब्याच्या मानेत किंवा गोळ्यात मोड असेल तर स्क्रू लावून भागत नाही, गोळा बदलतात. त्याची दांडी बऱ्याचदा लांब घालून सिमेंटने बसवतात. मांडीच्या मधल्या भागात किंवा खुब्याच्या खाली मोड असेल तर खुब्याच्या मानेपासून गुडघ्याजवळपर्यंत पूर्ण लांबीचा रॉड घालतात. पोकळी मोठी असेल तर आतली गाठ खरवडून तिथे बोन सिमेंट भरतात. हाडाचा वरचा भागच उरला नसेल तर तो काढून धातूचा मोठा सांधा बसवतात. हे ऑपरेशन मोठे, खर्चिक आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असलेले, पण योग्य रुग्णात फार टिकाऊ. किडनी किंवा थायरॉईडच्या कॅन्सरचा एकच डाग असेल तर तो मुळापासून काढण्याचाही विचार करतात.

दंडाला रॉड किंवा सिमेंटसह प्लेट. वॉकर धरायला हात लागतो, म्हणून पाय दुबळा असलेल्या रुग्णाचा दंड "हातच तर आहे" म्हणून सोडून देऊ नये. बरगड्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही.

शस्त्रक्रियेत मज्जेतले कण फुफ्फुसात जाणे, सिमेंट भरताना रक्तदाब उतरणे, रक्तस्राव, नंतर पायाच्या शिरेत गुठळी होणे हे धोके खरे आहेत. ते सर्जन आणि भूलतज्ज्ञांकडून आधीच ऐकून घ्या. किमो नुकतीच झाली असेल तर पांढऱ्या पेशी सावरेपर्यंत थांबावे लागू शकते.

ऑपरेशननंतर

डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्याच दिवशी उभे करायचे. "टाके ओले आहेत, पडून राहू दे" ही माया इथे घातक आहे. पडून राहिल्याने गुठळी होते, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर लगेच सांगा.

जखम भरली की साधारण दोन ते चार आठवड्यांनी रेडिएशन. आपल्याकडे ज्याला लाईट देणे म्हणतात ते हेच. रॉड बसवला म्हणून आतला कॅन्सर थांबत नाही. रेडिएशन टाळले तर तो हाड खातच राहतो आणि रॉड ढिला होतो किंवा तुटतो. घरी आल्यावर दुखणे थांबते आणि लोक इथेच उपचार सोडतात. डिस्चार्ज घेतानाच रेडिएशनची तारीख घ्या. रॉडची पूर्ण लांबी त्यात धरायला हवी.

हाडे घट्ट ठेवायला झोलेड्रोनिक ॲसिडचे ४ मिलिग्रॅमचे सलाईन दर ४ किंवा १२ आठवड्यांनी देतात, किंवा डेनोसुमॅबचे इंजेक्शन. त्याआधी क्रिएटिनिन तपासा आणि दंतवैद्याकडे जाऊन किडके दात काढून घ्या. हे औषध चालू असताना दात उपटला तर जबड्याचे हाड उघडे पडून कुजू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवा.

मॉर्फिनला घाबरू नका. कॅन्सरच्या दुखण्यावर ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. त्याने बद्धकोष्ठ हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्या.

शस्त्रक्रिया न करणे योग्य असते तेव्हा

आयुष्य काही दिवसांचे किंवा मोजक्या आठवड्यांचे उरले असेल, किंवा भूल सोसणार नाही असे भूलतज्ज्ञ सांगत असतील, तर ऑपरेशनचा आग्रह धरू नये. तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ असते. ८ ग्रे (रेडिएशनचे माप) मात्रेचे एकाच दिवसाचे रेडिएशन पुष्कळ रुग्णांचे दुखणे कमी करते. नसेजवळ इंजेक्शन देऊन पाय बधिर करता येतो. हाताला झोळी, पायाला हलका आधार, नियमित मॉर्फिन. हे सगळे उपचारच आहेत, आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

घरी

रुग्ण येण्याआधी घर बघा. खाट गुडघ्याएवढ्या उंचीची हवी. खाली बसायचा संडास चालणार नाही, कमोडची खुर्ची आणा. उंबरठ्याला वॉकर अडतो, तिथे उतरती फळी टाका. पावसाळ्यात शेवाळलेले अंगण घासून काढा, रात्री वाटेत दिवा ठेवा. रुग्णाला उठवताना काखेत हात घालून ओढू नका, दंडातही डाग असू शकतो. कमरेला पट्टा बांधून त्याला धरून उठवा.

जखमेतून पाणी, ताप, पाय आखूड किंवा वाकडा दिसणे, थांबलेले दुखणे भार देताना पुन्हा सुरू होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता एक्स-रे करा. आणि दुसरा पाय, दुसरा दंड किंवा पाठ नव्याने दुखू लागली तर त्या दुखण्याची जागा आणि तारीख फाईलमध्ये लिहून ठेवून डॉक्टरांना आधी तेच सांगा.